नैवेद्याआधीचे दाणे

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. रक्कम चौदाशे बारा पौंड. हजर: मी, माझी बायको, माझी आई, काउंटरमागची रिसेप्शनिस्ट आणि प्लॅस्टिकच्या टोपलीत आमचा बोका, ज्याच्यापायी हे पैसे गेले.

बोक्याची लघवी अडली होती. मूत्रमार्गात खडे साचले होते, नळी घालून ते काढावे लागले, आणि तीन रात्री त्याला मेडनहेडच्या त्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना तरुण व्हेटबाईंनी आम्हाला आत बोलावून नीट समजावलं. यापुढे फक्त हे औषधी दाणे. हॅम नाही, ट्यूना नाही, दूधही नाही. पाणी भरपूर. पुन्हा अडलं आणि आपल्याला वेळेत कळलं नाही, तर मांजर दोन दिवसांत जातं.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

मी थोडक्यात सांगितलं.

"ती एवढा वेळ बोलत होती आणि तू दोन वाक्यांत आटपलंस. सगळं सांग."

सगळं सांगितलं. आईने टोपलीच्या जाळीतून बोट आत घातलं आणि घरी येईपर्यंत बाहेर काढलं नाही.

वडील गेल्यावर आई नागपूरहून आमच्याकडे आली, त्याला पाच वर्षं झाली. बोका त्याच हिवाळ्यात आला, पिल्लू म्हणून. मी आणि बायको आठच्या आत घराबाहेर पडतो आणि सहानंतर परततो. मधल्या वेळात घरात ही दोघंच. आई त्याच्याशी बोलते, भाजी निवडताना त्याला भाव सांगते, दुपारी तो तिच्या मांडीवर असतो. बायको एकदा म्हणाली होती, या घरात दिवसभर मराठी ऐकून घेणारा तेवढाच आहे. त्यामुळे बोका वाचणं म्हणजे नुसता बोका वाचणं नव्हतं, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

औषधी दाणे महाग, पण तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की बोका आमच्याकडे खातच नव्हता. तो शेजारी खायचा.

आमचं घर सेमी, म्हणजे एका भिंतीला चिकटलेली दोन घरं. दुसऱ्यात एक निवृत्त बस ड्रायव्हर राहतात, एकटे. आईशी त्यांची कुंपणावरून ओळख. ते तिला 'मॅडम' म्हणतात, ती त्यांना हाताने 'जेवलात का' असं विचारते, ते 'हो, हो, लव्हली' म्हणतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बागेकडे उघडते. बोका रोज सकाळी कुंपणावरून उडी मारून त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसायचा आणि काचेला पंजा लावायचा. ते खिडकी उघडून हॅमचा तुकडा द्यायचे.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. सगळं ऐकल्यावर ते खुर्चीत बसले.

"माझ्या हॅममुळे झालं हे?"

"तसं नक्की सांगता येत नाही. पण आता नको."

"नाही, नाही. कपाटात ठेवतो आणि कपाटाला कुलूप लावतो."

त्यांनी शब्द पाळला. बोक्याने मात्र खिडकी सोडली नाही. तो तिथे बसून ओरडायचा, ते आत पाठ करून बसायचे, आणि नंतर मला रस्त्यात गाठून सांगायचे, की आज फार कठीण गेलं.

मग आम्ही मागच्या दारातली, त्याच्या ये-जा करण्याची झडप बंद करून त्याला घरातच ठेवला. दहा दिवस. त्याने पडदा फाडला, तो दारापाशी बसून रडला, आणि पाणीही कमी पिऊ लागला. व्हेटबाईंना फोन केला तर म्हणाल्या, अशा मांजरांना ताणानेही पुन्हा त्रास होतो, बाहेर जायची सवय असेल तर कोंडू नका. झडप उघडली. तो तडक शेजारच्या खिडकीत.

माझी समजूत अशी होती की हॅम चवदार आणि हे दाणे बेचव, एवढंच हे गणित आहे. तेव्हा मी सरळ आमच्याच पिशवीतले दाणे एका बरणीत मोजून शेजाऱ्यांना दिले. म्हटलं, तो आलाच तर यातले चार-पाच द्या, जास्त नाही. पोटात गेलं तरी औषधच जाईल. मनातून मला खात्री होती की हॅमऐवजी हे मिळालं की तो दोन दिवसांत तिकडे जायचा थांबेल.

थांबला नाही. आमच्याकडे वाडगाभर ठेवलेले दाणे तो हुंगून सोडायचा, आणि तेच दाणे शेजाऱ्यांच्या खिडकीत कुडुमकुडुम खायचा.

आईला हे हॅमपेक्षा जास्त लागलं. "म्हणजे खाण्याचा प्रश्न नव्हताच," ती म्हणाली. "माझ्या हातचं नको त्याला."

"आई, पिशवीतले दाणे ते. त्याला हात कुठला आलाय," बायको म्हणाली.

"मग तू सांग काय ते."

एका शनिवारी मी जिन्याच्या खिडकीशी, जिथून स्वयंपाकघर आणि मागचं कुंपण दोन्ही दिसतात, चहा न घेता उभा राहिलो आणि नुसतं पाहिलं. चहा न घेता, कारण आमच्या घरात नैवेद्य होईपर्यंत कुणी काही तोंडात घालत नाही. आईचा नियम आहे, नागपुरापासूनचा. ती सहाला उठते, आंघोळ करते, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे बसते, तिची स्तोत्रं होतात, मग देवाला दूध-साखर दाखवते, घंटी वाजवते, आणि मग घर खायला लागतं. लहानपणी आम्हाला शाळा असली तरी यात बदल नव्हता. आता मला ऑफिस असलं तरी नाही.

त्या सकाळी मी पाहिलं ते असं. साडेसहाच्या सुमाराला झडप वाजली, बोका आत आला. आई पूजेला बसायच्या तयारीत होती. तिने त्याला पाहून "आलास? थांब हं" म्हटलं, पिशवी उघडली, त्याच्यासमोर वाडगा भरला आणि फ्रिजवर ठेवला. मग देव्हाऱ्यापुढे बसली. बोका तिच्या पाठीला घासला, फ्रिजकडे पाहून ओरडला, पुन्हा घासला. आई स्तोत्र न थांबवता एका हाताने त्याची पाठ थोपटत होती. तो थोडा वेळ बसला. मग झडपेतून बाहेर, कुंपणावर, शेजारच्या कट्ट्यावर. काचेला पंजा लावला. खिडकी लगेच उघडली. चार दाणे.

वीसेक मिनिटांनी आमची घंटी वाजली. आईने वाडगा खाली काढला आणि दाराशी जाऊन हाक मारली. बोक्याने कट्ट्यावरून मान वळवून पाहिलं, आणि पुन्हा काचेकडे वळवली.

मी एका कंपनीच्या पगारखात्यात काम करतो. सतरा वर्षं लोकांचे पगार काढतोय. पगारवाढ कमी झाली तर लोक कुरकुरतात आणि विसरतात. पगार एक दिवस उशिरा जमा झाला, तर वर्षभर लक्षात ठेवतात. रक्कम तीच असते, पै कमी नसते. हे मला रोजच्या कामातून माहीत होतं, आणि तरी बोक्याच्या बाबतीत मी महिनाभर चवीचा हिशेब करत बसलो होतो. चार दाणे आत्ता आणि वाडगाभर वीस मिनिटांनी, यात तो चार दाणे घेत होता. आणि वाडगा त्याच्या डोळ्यांसमोर भरून वर ठेवल्यामुळे ती वीस मिनिटं त्याला आणखी लांब होत असणार.

खाली येऊन मी हे सांगितलं. आई ऐकत राहिली.

"म्हणजे मी त्याला उपाशी ठेवते."

"उपाशी नाही गं. उशीर होतो एवढंच."

"उशीर कसला? घरातला आहे ना तो? घरातली सगळी थांबतात. त्याला आधी दिलं असतं तर तो बाहेरचा झाला असता. दारात आलेल्या कुत्र्याला आपण कधीही घालतो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने त्याला घरच्यांमध्ये धरलं होतं, म्हणून तो ताटकळत होता.

"त्याला ते कसं कळणार, आई?" मी म्हटलं. "मोठ्या वाट्यासाठी थोडी कळ काढणं त्याला जमत नाही. माणसासारखं."

"माणसासारखं?" बायको म्हणाली. "मंगळवार-गुरुवारी आई तुझ्यासाठी उपमा करतात. गरम. नैवेद्य झाला की पाच मिनिटांत मिळेल. तू 'ट्रेन आहे' म्हणून निघतोस आणि स्टेशनवर गार क्रोसाँ खातोस. ट्रेन त्यानंतर पंधरा मिनिटांनी असते."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"मला माहितीये," आई म्हणाली. "कोटावर चुरा असतो."

विषय तिथेच राहिला. आईने नियम काही बदलला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. शेजारी औषधी दाणे मिळत होते, तेव्हा बोक्याचं तसं वाईट चाललं नव्हतं. मी शेजाऱ्यांची बरणी भरत राहिलो.

नोव्हेंबरच्या शेवटी शेजारी एक दिवस कुंपणाशी आले आणि म्हणाले, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. नंतर सहा-सात आठवडे ते लेस्टरला मुलीकडे राहणार. बरणी त्यांनी धुऊन परत आणली होती.

"मॅडमला सांगा, सॉरी," ते म्हणाले. मॅडम शेजारीच उभी होती.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोका नेहमीसारखा आत आला, वाडगा फ्रिजवर जाताना पाहिला आणि शेजारच्या खिडकीत जाऊन बसला. काचेला पंजा लावला. खिडकी उघडली नाही. तो बराच वेळ तिथे होता, मग उठला आणि पुढच्या कुंपणावर चढून त्याच्या पलीकडे दिसेनासा झाला. पलीकडे आमच्या ओळीत नऊ घरं आहेत. कुठल्या घरात कोण काय देतं, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मी दोन्ही बाजूंच्या दारांत चिठ्ठ्या टाकल्या, की या बोक्याला कृपया काही घालू नका, आजारी आहे.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा आईने त्याला उचलून त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"मासा," ती म्हणाली.

रात्री जेवणानंतर ताट उचलताना ती म्हणाली, "आमच्या घरात आजारी माणसाला नियम नव्हता. तुला टायफॉइड झाला होता तेव्हा मी नैवेद्याआधी तुला पेज पाजली आहे. तुझे आजोबा समोर बसले होते, त्यांनी काही म्हटलं नाही."

मी माझंही ताट उचललं. मध्ये बोलून काही बिघडवायचं नव्हतं.

"बोका आजारी आहे," ती म्हणाली. "तेव्हा त्याला सूट."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घरून काम घेतलं. साडेसहाला झडप वाजली. आईने त्याच क्षणी वाडगा युटिलिटीमध्ये, म्हणजे मागच्या दारालगतच्या कपडे धुण्याच्या खोलीत, झडपेच्या शेजारी, जमिनीवर ठेवला. देवाकडे पाहून काहीतरी पुटपुटली. बोका वाडग्यापाशी गेला, थबकला, आणि भिंतीला लागून मागे सरकत बाहेर निघून गेला.

आई वाडग्याकडे बघत उभी राहिली. "आता तर आधी दिलं," ती म्हणाली.

हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. बसवलं ते बायकोने, संध्याकाळी, कपडे मशीनमध्ये टाकता टाकता. "इथे कसा खाईल तो? इथेच तर तुम्ही दोघांनी त्याला धरून टोपलीत कोंबला होता. बघ, टोपली अजून इथेच आहे."

टोपली मशीनच्या वर होती. दवाखान्यातून आणल्यापासून तिथेच. बोका त्या खोलीतून रोज दोनदा जायचा, पण आता आठवलं, की थांबायचा कधीच नाही. झडपेतून आत येऊन सरळ स्वयंपाकघरात यायचा. आत्ता मिळणारं जेवण चांगलं, पण ते कुठे मिळतंय हेही त्याच्या लेखी होतं.

टोपली माळ्यावर गेली. वाडगा कुठे ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. शेजाऱ्यांच्या खिडकीतल्या कट्ट्यावर तो आनंदाने खायचा, तेव्हा आपल्याकडेही खिडकीतच ठेवून बघू, असं ठरलं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आतल्या कट्ट्यावरून आईने तुळशीची कुंडी हलवली. तुळस आमच्याकडे दर हिवाळ्यात मरते आणि दर वसंतात आम्ही नवी आणतो, त्यामुळे त्यात फार अडलं नाही. पण ही खिडकी देव्हाऱ्यापासून दोन हातांवर. देवाला समोर दूध-साखर मिळायची असताना बाजूला बोका कोंबडीच्या भुकटीचे दाणे खाणार, हे आईला गिळायला वेळ लागला. शेवटी तिने देव्हाऱ्याचा पडदा बोक्याचं खाणं होईपर्यंत ओढून ठेवायचा, असा मार्ग काढला.

पहिल्या सकाळी त्याने दोन दाणे खाल्ले आणि तो शेजारच्या बंद खिडकीकडे गेलाच. दुसऱ्या दिवशीही गेला. आईने एक सुधारणा केली, ती मला सुचली नव्हती. वाडगा भरून ठेवायचा नाही. झडप वाजली की कट्ट्यावर चार दाणे. ते संपले की आणखी चार. पूजेला बसेपर्यंत ती हे करायची. बायको म्हणाली, शेजारच्या काकांची शाखा उघडली आईंनी. आई म्हणाली, "त्यांचं काय चुकत होतं? ते लगेच द्यायचे."

तिसऱ्या आठवड्यात तो बाहेरून येऊन आधी कट्ट्यावर उडी मारू लागला. शेजारच्या खिडकीत जाणं थांबलं असं नाही, पण तिथे बसणं कमी झालं, मग नुसतं जाता जाता पाहणं राहिलं. तोंडाला माशाचा वास परत आला नाही. आई रोज संध्याकाळी घेत असे.

जानेवारीच्या मध्याला शेजारी काठी घेऊन परतले. दुसऱ्याच सकाळी त्यांची खिडकी उघडल्याचा आवाज झाला, आणि आमच्या कट्ट्यावर बसलेल्या बोक्याने कान उभे केले. एवढ्या आठवड्यांनी फक्त त्या आवाजाने. आईने त्याला पाहिलं, मी आईला पाहिलं. तो गेला. त्यांनी उघड्या खिडकीतून दोन्ही हात वर करून आमच्याकडे दाखवले, रिकामे.

आईने मला बरणी भरायला सांगितली. "दुपारच्या चहाला पाच. सकाळी नाही. त्यांना नीट सांग." मी सांगितलं. पाच दाणे मी त्याच्या रोजच्या खाण्याच्या मापातून वजा करू लागलो. सकाळी ती खिडकी बंद राहते आणि दुपारी उघडते, हे बोक्याला आठवड्याच्या आत कळलं. सकाळी तो तिकडे पाहतही नाही.

जानेवारीच्या अखेरच्या शनिवारी व्हेटकडे तपासणी होती, सकाळी पहिलीच वेळ. त्यासाठी टोपली माळ्यावरून आठवडाभर आधीच काढून, झाकण उघडं ठेवून, पुढच्या खोलीत ठेवली होती, आणि आई येता-जाता तिच्यात दाणे टाकत होती. त्यामुळे त्या दिवशी तो आपणहून आत गेला. वेळेवर पोचायचं म्हणून आईने पूजा परत आल्यावर करायचं ठरवलं. हे आमच्याकडे क्वचितच होतं.

व्हेटबाईंनी लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं, वजन केलं. खडे नाहीत. "हे दाणे चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "पण आता तो आजारी नाही. अगदी ठणठणीत आहे."

मी आईला सगळं सांगितलं, शेवटच्या दोन वाक्यांसह. ती वाक्यं सांगावीत की नाही, असा विचार मनात आला होता, कारण सूट आजारी माणसाला होती. पण तिने पूर्ण सांगायला सांगितलेलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि गाडीत टोपली मांडीवर घेऊन बसली. बायको आरशातून माझ्याकडे बघत होती.

घरी आलो. टोपली पुढच्या खोलीत ठेवली, तिचं झाकण उघडलं. बोका बाहेर आला, अंग ताणलं, स्वयंपाकघरात जाऊन कट्ट्यावर चढला आणि आईकडे पाहू लागला. आईने कोट काढला नव्हता. तिने देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं, जाऊन पडदा ओढला, आणि कोटाच्या खिशातून दाणे काढले.

"तान्ह्या मुलालाही नियम नसतो," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

"आणि मला?" मी म्हटलं. चहा मीही घेतला नव्हता.

"तू महिनाभर काम करून मग पगार घेतोस. तू थांबू शकतोस."

त्या दिवशी दिलं गेलं ते एकूण असं. दवाखान्याला बासष्ट पौंड, कार्डाने, माझ्याकडून. बोक्याला चार दाणे, कट्ट्यावर, ताबडतोब, आईच्या हातून. आणि ते संपल्यावर आणखी चार. देवाला दूध-साखर त्यानंतर पाऊण तासाने.